नाव चुकलं, काळ चुकला नाही

इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडांच्या पायथ्याशी दगडाच्या ढलप्यांचे ढीग पडलेले होते. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार तिथे गेला, तेव्हा त्या ढिगांत त्याला मसुराएवढे आणि मसुराच्याच आकाराचे खडे दिसले. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांच्या जेवणातलं जे उरलं त्याचा दगड झाला, असं त्याला सांगण्यात आलं. स्ट्रॅबोने ते लिहून ठेवलं आणि आपल्या मुलखातल्या एका टेकडीतही असेच मसुरासारखे खडे आहेत, अशी पुस्ती जोडली.

ते खडे म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एकपेशीय जीवांची कवचं. मसुरानंतर त्यांच्या वाट्याला नाणं आलं. १८०१ मध्ये लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्यांना ‘न्युम्युलाइट’ म्हटलं. लॅटिनमध्ये ‘नुम्मुस’ म्हणजे नाणं आणि ‘नुम्मुलुस’ म्हणजे छोटं नाणं. नाव चपखल आहे, कारण कवच खरोखरच गोल आणि चपटं असतं. ते मधोमध चिरलं की आत चकलीसारखे वेढे दिसतात आणि प्रत्येक वेढ्यात पडद्यांनी पाडलेल्या खोल्या. पिरॅमिडांच्या दगडातल्या मोठ्या जातीच्या नावात गिझा हे गावच बसलं आहे: न्युम्युलाइट्स गिझेहेन्सिस. एका पेशीचा हा जीव काही सेंटीमीटरपर्यंत वाढत असे. आपल्या ‘नाण्या’चा इतिहासही असाच दूरवर जातो. संस्कृतात ‘नाणक’ आहे, ‘मृच्छकटिका’तही तो शब्द आहे. कुशाण राजांच्या नाण्यांवर ‘नाना’ या देवीचं नाव असायचं, त्यावरून ‘नाणक’ आला असं एक मत आहे.

मसुराचा हिशेब अजून संपला नाही. मसुराला लॅटिनमध्ये ‘लेन्स’ म्हणतात. काचेच्या फुगीर भिंगाला त्याच्या आकारावरून तेच नाव पडलं. म्हणजे स्ट्रॅबोचा मसूर आज ज्यातून पाहतात, त्या लेन्सचं नावही मसूरच. या योगायोगाचा मला मनापासून आनंद होतो.

मात्र योगायोगापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. खडकांचं वय ठरवण्यासाठी जे सूक्ष्मजीवाश्म वापरतात, त्यांची नावं तपासत गेलं की बहुतेक ठिकाणी एखादा जुना गैरसमज हाती लागतो. कोणाला ते धान्य वाटले, कोणाला गोगलगायींचे नातलग, कोणाला माशांचे दात. समज चुकीचे होते, नावं तशीच राहिली आणि त्या नावांनी सांगितलेला काळ मात्र बरोबर निघाला. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर आधी ‘थर’ या शब्दाकडे जायला हवं.

संस्कृतातल्या ‘स्तृ’ या धातूचा अर्थ पसरणे. त्यातून ‘स्तर’ झाला आणि बोलण्यात तो ‘थर’ झाला. ‘आस्तरण’ झालं अंथरूण. ‘प्रस्तारा’ची झाली पथारी. ‘प्रस्तर’ या शब्दाचा प्रवास तर मुळातून पाहण्यासारखा आहे. वैदिक वाङ्मयात प्रस्तर म्हणजे यज्ञाच्या जागी पसरलेलं दर्भाचं अंथरूण. पुढे त्याला सपाट शिळेचा आणि मग कोणत्याही दगडाचा अर्थ आला. त्याच्यापासून पाथर, पाथरवट आणि हिंदीतून आलेला फत्तर. लॅटिनमध्ये याच मूळ धातूचं भावंड आहे, त्यातून आला ‘स्ट्राटम’, म्हणजे पसरलेलं ते. ‘स्ट्रॅटिग्राफी’ हे थरांच्या शास्त्राचं नाव त्याच घरातलं. तेव्हा दहीहंडीचे थर, अंथरूण, पाथरवट आणि स्ट्रॅटिग्राफी ही सगळी एका कुळातली मंडळी आहेत.

गाळ पाण्यात पसरतो, आडवा बसतो, त्यावर पुढचा गाळ पसरतो. म्हणून उलथापालथ झाली नसेल तर खालचा थर जुना आणि वरचा नवा. हे तत्त्व १६६९ मध्ये स्टेनो या शास्त्रज्ञाने मांडलं. पण एका डोंगरातला अमुक थर आणि शंभर कोसांवरच्या डोंगरातला तमुक थर एकाच काळातले, हे कशावरून ओळखायचं? रंगावरून ओळखावं तर लाल खडक हजार ठिकाणी, हजार काळांत झाले. याचं उत्तर इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथला सापडलं. प्रत्येक थरात ठरावीक जीवाश्म असतात आणि त्यांचा क्रम सगळीकडे तोच असतो, हे त्याने प्रत्यक्ष खोदकामांत पाहिलं. १८१५ मध्ये त्याने इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. लोक त्याला ‘स्ट्राटा स्मिथ’ म्हणत. ते जीव कोण होते आणि एका थरातले दुसऱ्यात का नाहीत, याचा खुलासा स्मिथजवळ नव्हता. डार्विनचा ग्रंथ यायला अजून ४४ वर्षं होती. स्मिथने आकार ओळखला आणि क्रम लक्षात ठेवला, त्याच्या कामाला तेवढं पुरलं.

‘जीवाश्म’ हा आपला शब्द ‘फॉसिल’पेक्षा नेमका आहे, असं माझं मत आहे. लॅटिन ‘फोसिलिस’ म्हणजे खणून काढलेलं. १५४६ मध्ये अॅग्रिकोलाने फॉसिलांवर ग्रंथ लिहिला, त्यात धातुकं, रत्नं, क्षार असं जमिनीतून निघणारं सगळंच आहे. ‘जीवाश्म’ मात्र सरळ सांगतो, जीव होता आणि त्याचा अश्म झाला. या ‘अश्म’चा एक भाऊ फारसीत ‘आसमान’ होऊन बसला, कारण प्राचीन इराणी कल्पनेत आकाश म्हणजे दगडी घुमट होता. आपण कोणाला अस्मान दाखवतो तेव्हा त्यातही एक अश्म असतो.

आता फोरामिनिफेराकडे येतो. समुद्री सूक्ष्मजीवाश्मांत कालनिश्चितीसाठी सर्वांत जास्त उपयोगी पडलेला हा गट. या क्षेत्रातली माणसं त्यांना नुसतं ‘फोराम’ म्हणतात. नाव दिलं आल्सीद दॉर्बिन्यीने, १८२६ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर ला रोशेलच्या परिसरात तो लहानाचा मोठा झाला आणि तिथल्या वाळूतली ही बारीक कवचं भिंगाखाली पाहत बसला. कवचांत नॉटिलससारख्या खोल्या दिसल्यामुळे हे नॉटिलस आणि माकुळ यांच्या वर्गातले, म्हणजे शीर्षपाद प्राणी असणार, असं त्याने धरलं. नॉटिलसच्या पडद्यांतून एक नळी जाते. इथे नळी नव्हती, पडद्यांना नुसती भोकं होती. म्हणून एका गटाचं नाव नळीवाले आणि दुसऱ्याचं भोकवाले. ‘फोरामेन’ म्हणजे भोक आणि ‘फेरे’ म्हणजे वाहणे, धारण करणे. हा ‘फेरे’ आपल्या ‘भृ’ धातूचा सख्खा नातलग, ज्यातून भार आणि भरणे हे शब्द आले.

नऊ वर्षांनी, १८३५ मध्ये, फेलिक्स द्युजार्दांने जिवंत फोराम पाहिले. त्यांना ना डोकं, ना पाय, ना आतडी. एकाच पेशीतला जिवंत रस बारीक धाग्यांसारखा बाहेर येतो आणि आत जातो, एवढाच सगळा कारभार. शीर्षपादांशी काडीचाही संबंध नाही. ज्या तुलनेतून नाव जन्मलं ती तुलनाच कोसळली. नाव मात्र टिकलं, आणि दॉर्बिन्यीचं खरं काम त्याने अडलं नाही. पॅरिसच्या परिसरातल्या, व्हिएन्नाच्या खोऱ्यातल्या फोरामांची त्याने इतकी काटेकोर वर्णनं केली की कोणता आकार कोणत्या थरात येतो हे पुढच्यांना पडताळता आलं. खडकांचा काळ ‘एताज’मध्ये, म्हणजे मजल्यांमध्ये विभागण्याची पद्धतही त्याचीच. अॅप्शियन, अॅल्बियन, सेनोमेनियन हे त्याने नाव दिलेले मजले आजच्या जागतिक कालपटात जागच्या जागी आहेत.

याहून टोकाचं उदाहरण कोनोडॉन्टचं. ‘कोनोस’ म्हणजे शंकू आणि ‘ओदूस, ओदोन्तोस’ म्हणजे दात. संस्कृत दन्त, मराठी दात आणि हा ग्रीक शब्द मुळात एकच. १८५६ मध्ये क्रिश्चन पँडरने जुन्या खडकांतून हे मिलिमीटरभराचे टोकदार कण काढले आणि ते माशांचे दात मानले. नंतरच्या लोकांनी त्यांना कृमींचे जबडे ठरवलं, मृदुकायांचे अवयव ठरवलं, कोणी तर वनस्पतींकडे नेऊन बसवलं. प्राणी कोणी पाहिलाच नव्हता. तरी या काळात कोनोडॉन्टवरून थर लावण्याचं काम जोरात चालू होतं. चुनखडी सौम्य आम्लात, व्हिनेगरमध्ये असतं त्याच अॅसेटिक आम्लात, विरघळवायची. हे कण फॉस्फेटचे असल्याने तळाशी शाबूत उरतात. मग आकार बघायचा आणि थर सांगायचा. अखेर एडिंबराजवळच्या ग्रँटनमध्ये फार पूर्वी गोळा करून ठेवलेल्या एका दगडात प्राण्याच्या मऊ अंगाचा ठसा सापडला आणि १८५६ चं कोडं १९८३ मध्ये सुटलं. काही सेंटीमीटर लांबीचा, निमुळत्या अंगाचा जलचर, आणि ते कण त्याच्या तोंडात. म्हणजे पँडरचा अंदाज सत्याच्या बराच जवळ होता. पण मधली सव्वाशे वर्षं उत्तर माहीत नसतानाही कालनिश्चिती चुकली नव्हती.

याचं कारण पद्धतीतच आहे. सूक्ष्मजीवाश्मांवरून काळ काढताना तो जीव काय खात होता, कोणाचा नातलग होता, हे आधी कळावं लागत नाही. तीन गोष्टी लागतात: आकार दुसऱ्यापासून वेगळा ओळखता यावा, तो थोड्याच थरांत असावा आणि दूरदूरच्या मुलखांत सापडावा. एक जात कोणत्या थरात पहिल्यांदा दिसते आणि कोणत्या थरानंतर दिसेनाशी होते, ही दोन टोकं म्हणजे तिची मेखला. ‘झोन’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही कमरपट्टाच. वर्षांचे आकडे यातून निघत नाहीत, ते ज्वालामुखीच्या राखेतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून येतात. जीवाश्म क्रम लावतात आणि दोन दूरच्या थरांची गाठ घालून देतात.

दूरदूर सापडण्यासाठी सर्वांत सोयीचे जीव म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणारे. ‘प्लँक्टन’ हा शब्द हेन्सेनने १८८७ मध्ये रूढ केला, मूळ ग्रीक अर्थ भटकणारा. ‘प्लॅनेट’चंही मूळ तेच, कारण ग्रह स्थिर ताऱ्यांमधून भटकताना दिसतात. मराठीत प्लँक्टनला प्लवक म्हणतात, म्हणजे तरंगणारे. शब्द गोड आहे, पण भटकंतीचा अर्थ त्यातून गळून पडला, आणि कालनिश्चितीला नेमकी तीच लागते. तळाला बसून राहणारा जीव एका किनाऱ्यापुरता साक्षीदार. प्रवाहाबरोबर भटकणारा एकाच काळात अनेक समुद्रांच्या तळांवर आपली कवचं टाकून जातो.

इटलीतल्या गुब्बिओ गावाजवळच्या घळीत हे डोळ्यांनी दिसतं. तिथे गुलाबी चुनखडीचे थर एकावर एक रचलेले आहेत. त्या खडकाचं नाव ‘स्काल्या रोस्सा’, म्हणजे लाल खपल्या. खालच्या थरांत ग्लोबोट्रंकाना या प्लवक फोरामांची कवचं खच्चून भरली आहेत. साध्या हातभिंगातून ती टिपता येतात. मग एक सेंटीमीटरभर मातीचा पट्टा येतो. त्याच्या वर पुन्हा चुनखडी, पण ग्लोबोट्रंकाना एकही नाही. तिथे फक्त इवलेइवले, गुठळीसारखे फोराम, जे सूक्ष्मदर्शकाशिवाय सापडत नाहीत. १९६४ मध्ये लुटरबाखर आणि इझाबेला प्रेमोली सिल्वा यांनी त्यातल्या एका जातीला ‘युगुबिना’ हे नाव दिलं. गुब्बिओचं जुनं लॅटिन नाव युगुबिउम. पुढे वॉल्टर अल्वारेझ या भूशास्त्रज्ञाने याच पट्ट्याची माती तपासायला घेतली. तिच्यात इरिडियम हा धातू बेसुमार निघाला, आणि १९८० मध्ये डायनोसॉरांच्या अंताचा अशनी आघाताशी संबंध जोडणारा प्रबंध आला. त्या प्रबंधाची जागा फोरामांनी आधीच दाखवून ठेवली होती.

डायनोसॉरांच्या अंताच्या त्याच कालसीमेचा एक धागा आपल्या सह्याद्रीपर्यंत येतो. ‘डेक्कन ट्रॅप’मधला ट्रॅप हा स्वीडिश ‘ट्रापा’, म्हणजे जिना; डोंगरांच्या पायऱ्यापायऱ्यांवरून पडलेलं नाव. डेक्कन म्हणजे दख्खन, मुळात दक्षिण. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला येणारी दिशा. लाव्हाच्या थरांत जीवाश्म सापडणार नाहीत हे उघड आहे, म्हणून दोन प्रवाहांच्या मधे साचलेला गाळ महत्त्वाचा. हा लाव्हा पूर्वेला थेट आजच्या राजमहेंद्रीपर्यंत पोचला. त्र्यंबकेश्वरला उगम पावणारी गोदावरी जिथे समुद्राकडे वळते, तिथल्या दगडखाणींत खालच्या आणि वरच्या प्रवाहांमधे समुद्री गाळाचा थर आहे. गेर्टा केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये त्यातले प्लवक फोराम दाखवले. ते डॅनियन काळाच्या सुरुवातीचे, म्हणजे डायनोसॉर संपल्यानंतर लगेचचे निघाले. खालचे प्रवाह त्याच्या आधीचे, वरचे नंतरचे. काळ्या कातळाचं वय सांगायला समुद्रातली कवचं कामी आली, ही गोष्ट महाराष्ट्रातल्या प्रत्येक भूगोलाच्या वर्गात सांगितली जावी असं मला वाटतं.

मुंबईचा या विद्येशी संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर मुंबईत राहून फोरामांचा अभ्यास करत असे. १८४९ मध्ये त्याने सिंध, कच्छ, काठेवाड आणि अरबस्तानातल्या फोरामांवर निबंध लिहिला. काठेवाडच्या चुनखडीला ‘मिलिओलाइट’ हे नाव त्याचंच. तिच्यात त्याला मिलिओला गटातली कवचं दिसली, आणि ‘मिलिउम’ म्हणजे आपल्या वरीच्या जातीचं बारीक तृणधान्य. हाच दगड पोरबंदरचा दगड म्हणून मुंबईत आला आणि ब्रिटिश काळातल्या अनेक इमारतींच्या कोरीवकामात बसला. इथेही नावात एक फसगत आहे. मिलिओलाइटचा बराचसा भाग समुद्रतळावर बनलेला नाही. किनाऱ्यावरची कवचांची वाळू वाऱ्याने आत वाहून नेली आणि तिचे कातळ झाले. कवच समुद्राचं म्हणून खडक समुद्रात झाला, असं धरता येत नाही. जुन्या थरातली कवचं झिजून नव्या थरात येऊन पडतात, तेव्हाही हीच खबरदारी घ्यावी लागते.

या अभ्यासाला पोटापाण्याचं शास्त्र बनवलं तेलाने. विहीर खणताना वर येतो तो दगडाचा चुरा, त्यात शंखशिंपले धड राहत नाहीत, फोराम राहतात. टेक्सासमध्ये एस्थर अॅप्लिन, अल्वा एलिसर आणि हेडविग निकर या तीन स्त्रियांनी १९२५ मध्ये जमिनीखालचे थर फोरामांवरून लावून दाखवले. हे होणार नाही, असं अॅप्लिनना त्याआधी एका प्राध्यापकाने भर सभेत सुनावलं होतं. काम आजही बहुतेक तसंच चालतं. नमुना भिजवायचा, केसापेक्षा बारीक जाळीच्या चाळणीवर पाण्याखाली धुवायचा, वाळवायचा, काळ्या तबकडीवर पसरायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकाने एकेक कवच उचलून वेगळं ठेवायचं. आपल्याकडे १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खणणाऱ्या जहाजाने मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात तेल शोधलं. तिथली तेल धरून असलेली मुख्य चुनखडी मायोसीन काळातली आहे.

‘मायोसीन’ हा शब्द लायेल या भूशास्त्रज्ञाने १८३३ मध्ये छापला. तो घडवताना त्याने विल्यम ह्युएलचा सल्ला घेतला होता. थरातल्या शिंपल्यांपैकी किती जाती आजही जिवंत आहेत, ते लायेलने मोजलं. ३.५ टक्क्यांच्या आसपास असतील तर इओसीन, म्हणजे नव्याची पहाट. १८ टक्क्यांच्या आसपास असतील तर मायोसीन, म्हणजे कमी नवा. त्याहून बऱ्याच जास्त असतील तर प्लायोसीन, अधिक नवा. यातला ‘इओस’ म्हणजे आपली उषा, आणि ‘कैनोस’ या नव्याला भाषाशास्त्रज्ञ आपल्या ‘कन्या’शी जोडतात. आपल्या परिभाषेत त्यांचं आदिनूतन, मध्यनूतन, अतिनूतन असं झालं. ‘मध्यनूतन’मध्ये लायेलचा ‘कमी’ हरवला आणि त्याची टक्केवारीही आता कोणी वापरत नाही. तरीही हा शब्द बदलू नये. त्याने दाखवलेली जागा पक्की आहे.

बदलायचं ते दुसरं काही. मराठीत भूशास्त्र लिहिणाऱ्यांनी आणि पाठ्यपुस्तकं करणाऱ्यांनी ‘स्तर’ सोडून ‘थर’ लिहावं. ‘छिद्रधारी’ वगैरे नवी नावं न घडवता ‘फोराम’ तसाच ठेवावा आणि तो कुठून आला हे एका ओळीत मुलांना सांगावं.